भाराकडे पाहणारी बाई

उज्ज्वला फडतरेला रोज चारशे माणसं मानेवर घेऊन कामाला जात, आणि ती साताऱ्यात शाहूपुरीत दुसऱ्या मजल्यावर राहते हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. कंपनीचा नियमच तसा होता. मार्गदर्शकाने शिकाऊला भेटायचं नाही, शिकाऊने मार्गदर्शकाला शोधायचं नाही. भेटीगाठी झाल्या की माणसं एकमेकांची मनं राखायला लागतात आणि अंदाज नासतो, असं कंपनीचं म्हणणं. मनं राखलेली कंपन्यांना एरवीही फारशी चालत नाहीत.

रोज सकाळी फोनवर निरोप यायचा, ‘आज आपली सोबत इतक्या जणांनी घेतली.’ आकडा चारशेच्या मागेपुढे असायचा. उज्ज्वला चहा पिता पिता तो वाचायची. मग चहा संपायचा, आणि पुढे अख्खा दिवस पडलेला असायचा. भाजी आणायची, ती एकटीपुरती शिजवायची. कराडच्या बहिणीला फोन करायचा, तर ती नातवंडांच्या गडबडीत असायची. लग्न करायला कामाच्या पठारावरून खाली उतरावं लागतं, ते उज्ज्वलाचं राहूनच गेलं होतं. निवृत्त झाल्यावर तिला कळलं, की आपण आयुष्यभर ज्यांच्याशी बोललो ती सगळी माणसं कामाची होती. काम संपलं तसं बोलणंही संपलं. तिला त्याचं वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतंय हे सांगायला कुणी नव्हतं.

तिचं काम पवनचक्क्या उभ्या करायचं. वाघजाईच्या पठारावर जुन्या बुटक्या चक्क्या काढून नव्या, आभाळाला टेकणाऱ्या चक्क्या बसवायला सुरुवात झाली तेव्हा ती लिफ्टिंग इनचार्ज होती. म्हणजे काय, तर एक पातं शंभर मीटर लांब. ते क्रेनने आडवं उचलायचं, दोन्ही टोकांना दोर बांधून खालून माणसांनी धरायचं, आणि वर नेऊन मनोऱ्याच्या डोक्याला नेमकं जोडायचं. वारा पडलेला असेल तेव्हाच. पठारावरचा वारा सांगून येत नाही. पातं अर्ध्यात असताना एक झोत आला, तर क्रेनसकट सगळं दरीत. तेव्हा खाली उभं राहून ‘उचला’ किंवा ‘थांबा’ म्हणायचं, एवढंच इनचार्जचं काम. यंत्रं सगळा हिशोब करून देत, पण शेवटचा शब्द माणसाने म्हणायचा असा कायदा होता, आणि तो शब्द म्हणायला जन्म घालवलेली माणसं देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. चक्क्या मात्र हजारोंनी उभ्या राहायच्या होत्या.

म्हणून ‘सोबत’ निघाली.

अनुभवी माणसाला धोका आधी अंगाला कळतो, मग डोक्याला. हे शरीरशास्त्राला जुनंच माहीत होतं. तळहाताला बारीक घाम फुटतो, श्वास अर्ध्यावर थबकतो, डोळ्याची बाहुली रुंदावते, आणि हे सगळं ‘थांबा’ हा शब्द मनात उमटण्याच्या दोन-चार सेकंद आधी होतं. ‘सोबत’ बनवणाऱ्यांनी ते दोन-चार सेकंद पकडले. निवृत्तीच्या आधीची दोन वर्षं उज्ज्वलाच्या मनगटावर, छातीवर आणि चष्म्यात संवेदक बसवले. ती काय पाहते आहे, वारा किती आहे, क्रेनचा दोर किती ताणला आहे, आणि त्या क्षणी तिच्या अंगात काय हललं, याची सांगड संगणकाने हजारो वेळा घातली. पुढे तसं दृश्य दुसऱ्या कुणासमोर आलं, की तिथे उज्ज्वला असती तर तिचं अंग काय म्हणालं असतं हे संगणक ओळखायला शिकला.

तो ते शब्दांत सांगत नसे. शिकाऊच्या मानेवर एक मऊ पट्टी असे. सगळं ठीक असलं की सैल. उज्ज्वलाला धास्ती वाटली असती तिथे ती आवळायची, मागून कुणी मानेवर हात ठेवावा तशी.

पूर्वी चांगला उस्ताद मिळायला नशीब लागायचं. उज्ज्वला ज्यांच्या हाताखाली शिकली ते मिरजेचे युनूसभाई शिकलगार. त्यांनी शिकवावं म्हणून ती पावणेदोन महिने त्यांचा डबा धरून हिंडली होती. त्यांनी तिला एक अख्खा हंगाम तोंड उघडू दिलं नाही, आणि नंतर साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन ‘हिला माझ्यानंतर ठेवा’ असं सांगून आले. आता डबा धरायची गरज नव्हती. यादी उघडायची, उस्ताद निवडायचा, पट्टी बांधायची, वर्षाच्या आत बढती. कानामागून आली आणि तिखट झाली, असं जुने लोक कुरकुरत. पण पट्टी लावलेल्यांच्या हातून पातं पडत नाही, हे त्यांनाही कबूल करावं लागे. यादीत पहिलं नाव उज्ज्वलाचं होतं.

अशात एका दुपारी तिच्या दाराची बेल वाजली. बाहेर पंचविशीची एक मुलगी उभी होती. खांद्याला पिशवी, बुटांना पठाराची तांबडी माती.

“फडतरे मॅडम?”

“हो. आपण?”

“मी आर्वी लोखंडे. वाघजाईला लिफ्टिंग इनचार्ज आहे.” मुलगी अडखळली. “म्हणजे... तुम्ही रोज माझ्या मानेवर असता.”

उज्ज्वलाला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तिने घाईघाईने दार पूर्ण उघडलं. “अगं, तुला पत्ता कुणी दिला? कंपनी तर देत नाही.”

“पठारावरच्या चहावाल्या काकांनी.”

“त्या बाबाला गुप्त ठेवायला सांगा, तो फलक लावेल. ये, बैस. जेवलीस का?”

आर्वी बसली, पण खुर्चीच्या कडेला. चहा तिने घेतला नाही. तिने पिशवीतून टॅब काढला आणि मांडीवर ठेवून दिला. मग एका दमात सांगितलं. सोमवारी पातं चढवताना दोर धरणाऱ्या अंकुश बनकरचा उजवा हात मनगटातून गेला. वाऱ्याची एक झुळूक आली, पातं हातभर सरकलं. एवढं ते सरकतंच. पण अंकुशने दोर मनगटाला दोन वेढे देऊन धरला होता.

“दोर हाताला गुंडाळायचा नाही, हे पहिल्या दिवशी सांगतात,” उज्ज्वला म्हणाली. आपला आवाज साहेबासारखा आला, हे तिला ऐकू आलं.

“सांगितलं होतं मी. धुक्यानं मोजे भिजलेले, दोर निसटत होता. म्हणून गुंडाळला त्यानं. माणूस भाराखाली गेला की वाजणारा त्याच्या हेल्मेटचा भोंगाही वाजला नाही, कारण तो उभा होता ती जागा बरोबर होती.”

“आणि पट्टी?”

“सैल होती. अगदी सैल.” आर्वीने मान वर केली. “मी त्याच्याकडे बघतच नव्हते, मॅडम. मला वाटलं तुम्ही बघताय.”

तिने टॅब उज्ज्वलापुढे सरकवला.

“तेवढंच विचारायला आले. तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही?”

टॅबवर त्या सकाळचं चित्रण होतं. उज्ज्वलाने ते पाहिलं. पातं वर चाललं होतं, क्रेनवाला सफाईदार होता, वारा आवाक्यात होता. तिचं अंग शांत राहिलं. चित्रण संपलं तेव्हा खाली माणसं धावत होती, आणि अंकुश नेमका कुठे उभा होता हेच तिला सांगता येईना. तिने पुन्हा पाहिलं. पुन्हा डोळे पात्यामागे वर गेले. मग तिने स्क्रीनचा वरचा अर्धा भाग तळहाताने झाकला, तेव्हा कुठे तिला तो माणूस दिसला. पाय मागे रेटून, दात आवळून, मनगटाला वेढे घेत होता. तिसरीतल्या पोरालाही दिसलं असतं.

“मला दिसत नाही,” उज्ज्वला म्हणाली. “आर्वी, मला माणसं दिसतच नाहीत.”

आणि का दिसत नाहीत, तेही तिला लगेच कळलं. युनूसभाईंची रीत होती, त्यांच्या उस्तादाकडून आलेली. उस्तादाने भाराकडे बघायचं. शिकाऊने त्याच्या पाठीला पाठ लावून उभं राहायचं आणि माणसांकडे बघायचं. भाराकडे त्याने चुकूनही वळायचं नाही. दोन डोळ्यांना दोन कामं सांगितली की दोन्ही बिघडतात, असं भाई म्हणत. उज्ज्वला अशीच भाईंच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली होती. आणि ती इनचार्ज झाल्यावर तिच्या पाठीशी कायम कुणीतरी होतं. शेवटची सहा वर्षं विश्वजित खताळ होता. विशू मागून ‘मॅडम, थांबा’ म्हणायचा आणि ती वळून न बघता हात वर करायची. कशासाठी थांबलो हे तिने क्वचितच विचारलं. तो दोन शब्द बोलायचा, कुणाचं तरी काहीतरी नीट व्हायचं, ‘चालू द्या’ यायचं, आणि उचल पुढे सुरू व्हायची.

चारशे शिकाऊंच्या मानेवर तिचं ते निर्धास्तपण बसलं होतं. ते तिचं एकटीचं नव्हतंच.

‘सोबत’चा प्रमुख कौस्तुभ रांगणेकर पुण्याला बाणेरच्या कचेरीत बसे. माणूस वाईट नव्हता. त्याने तिला न्यायला गाडी पाठवली, स्वतः लिफ्टपर्यंत आला, आर्वीने नियम मोडल्याबद्दल चकार शब्द काढला नाही. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने जुन्या नोंदी उघडायला लावल्या आणि थोड्या वेळाने ओशाळून म्हणाला, “मॅडम, कुणाचा तरी आवाज ऐकून तुम्ही थांबलात, असे प्रसंग आम्ही गाळले होते.”

“गाळले? का?”

“त्या वेळी तुमच्या शरीरात आधी काही झालेलंच नव्हतं. म्हणजे तो निर्णय तुमचा नव्हता. आम्हाला शुद्ध तुमचा अंदाज हवा होता.”

“तुम्ही तांदूळ फेकून खडे ठेवलेत, रांगणेकर.”

तो कसनुसा हसला. मग त्याने उपाय काढला. इंजिनिअर माणूस, त्याला प्रश्न आणि उपाय यांच्यामध्ये बसून राहता येत नाही. उज्ज्वलाने पुन्हा पठारावर जायचं. नवी नोंद करायची. या वेळी मागे कुणी नाही, एकटीने उभं राहायचं. भारही तिचा, माणसंही तिची. महिनाभरात तिचं अंग दोन्ही शिकेल, आणि जुन्या नोंदीच्या जागी नवी जाईल. आजच्या सगळ्या इनचार्जना एकटंच उभं राहावं लागतं. त्यांना एकट्याचाच अंदाज हवा.

“आणि तोवर?”

“तोवर दोराबद्दल एक सूचना पाठवतो सगळ्यांना.”

सूचनेने काय होतं ते अंकुशच्या हाताला विचारा, असं तिच्या ओठांवर आलं. पण ती हो म्हणाली. चारशे ठिकाणी चारशे आर्व्या ‘मॅडम बघताहेत’ म्हणून वर बघत उभ्या असतील, या विचाराने तिला परतीच्या गाडीत बसवेना.

पठारावर जाण्याआधी तिने विशूला फोन लावला. पट्ट्या आल्यावर ‘आता दोन माणसं कशाला’ म्हणून इनचार्जच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या शिकाऊची जागाच रद्द झाली होती. विशू मूळचा दहिवडीचा. तो आता कच्छमध्ये सोलर पॅनेल धुणाऱ्या यंत्रांवर होता.

“मॅडम? नंबर बघून वाटलं, चुकून लागला जणू.”

“चुकून नाही रे. कसा आहेस?”

“हाय की. ऊन लई हाय. तुमी?”

“बरी आहे.” तिला आणखी काही सुचलं नाही, म्हणून तिने थेट विचारलं. “विशू, माझ्या मागं उभा राहायचास तेव्हा नेमकं काय बघायचास तू?”

पलीकडे विशूने यंत्र बंद केलं.

“सा वर्सांत कदी इचारलं न्हाई तुमी.”

“आता विचारते. मला शिकव.”

“राग मानू नका मॅडम, पर तुमाला सांगून काय उपेग? तुमी भाराकडं बघणार. तुमी बघायलाच पायजे. ह्ये दुसऱ्या माणसाचं काम हाय. मागं कुनी नवं पोरगं हुबं करनार आसाल, तर त्येला सांगतो. हातचं राखून न ठेवता सांगतो.”

“तसं कुणी नाही.”

“मग ऱ्हावू द्या,” विशू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

दुरून डोंगर साजरे, आणि पठारं तर त्याहून. वर गेल्यावर वाऱ्याने तिचं जुनंच स्वागत केलं. संवेदक चढवले, चष्मा चढवला. क्रेनवाल्याने हात हलवला, दोरवाले जागेवर गेले, आणि उज्ज्वला इनचार्जने उभं राहायच्या खुणेच्या दगडावर उभी राहिली. आणि तिच्या पाठीला गार लागलं.

तिने आयुष्यात इतकी पाती चढवली होती, की लोक तिचं नाव घेऊन नवख्यांना दटावत. आणि आज पातं जमिनीवरून वीतभर उचललं गेलं, तोच तिची नजर वर-खाली धावू लागली. वर पाहिलं की वाटे, खाली कुणीतरी दोर गुंडाळतंय. खाली पाहिलं की वाटे, वर पातं सुटतंय. तिने चारदा काम थांबवलं, चारही वेळा सगळं ठीक होतं. दोरवाले एकमेकांकडे बघायला लागले. ‘म्हातारीचे हात-पाय गळले’ असं कुणीतरी पुटपुटलं, ते तिला ऐकू गेलं. ती घाबरली होती हे खरंच होतं. बत्तीस वर्षांत आपण एकदाही एकट्या उभ्या राहिलो नव्हतो, हे तिला त्या दगडावर समजलं. घरी तर ती रोज एकटी असायची. पण तिथे कुणाचा जीव टांगलेला नसायचा.

तिला वाटलं, सवय होईल. महिनाभर ती रोज उभी राहिली. पाती चढली, एकालाही खरचटलं नाही, पण जिथे सकाळ पुरायची तिथे दोन-तीन दिवस लागले. सवय झाली नाही.

नवी नोंद तयार झाली तशी चाचणी ठरली. आर्वीने पट्टी बांधली. कौस्तुभ मुद्दाम पुण्याहून आला होता, वाऱ्यात टोपी धरून उभं राहायच्या तयारीने. पण त्या दिवशी वाराच नव्हता. गवताचं पातंही हलत नव्हतं. असा दिवस पठारावर वर्षातून एखादा मिळतो. दोरवाले ताजेतवाने होते, मोजे कोरडे होते. उज्ज्वला लांब, गाडीपाशी खुर्ची टाकून बसली होती.

आर्वी खुणेच्या दगडावर गेली. तिने वर पाहिलं, माणसांकडे पाहिलं. मग तिचा हात मानेकडे गेला.

“काय झालं?” कौस्तुभने ओरडून विचारलं.

“आवळलीये.”

“थोडं थांब. सैल होईल.”

ती थांबली. क्रेनवाल्याने इंजिन बंद केलं. दोरवाले उकिडवे बसले, एकाने तंबाखू काढली. ऊन चढायला लागलं. पट्टी सैल झाली नाही. आर्वीने जागा बदलून पाहिली, दोरवाल्यांना लांब पाठवून पाहिलं, शेवटी पात्याचा हूकच काढायला लावला. तरी मानेवरचा हात निघेना.

कौस्तुभ टॅबवर आलेख बघत उज्ज्वलाजवळ आला. “मॅडम, वारा शून्य, भार शून्य, माणसं लांब. हे नेमकं कशाला अडवतंय?”

“ती एकटी आहे म्हणून.”

“म्हणजे नोंद बिघडली. तुमची भीती मिसळली तिच्यात.”

“मग तुम्हाला काय नोंदवायचं होतं? भीतीच ना?”

“धोक्याची, मॅडम. ही एकटेपणाची आहे.”

“तिथे दगडावर उभं राहून सांगा त्या दोन भीतींतला फरक,” ती म्हणाली. “मला नाही आला सांगता. माझं अंग महिनाभर एकच गोष्ट म्हणत होतं, रांगणेकर, की एकट्यानं उचलू नये. तुमच्या यंत्रानं ती बरोबर पकडली. या खेपेला तुम्ही काही गाळलं नाहीत, हे चांगलं केलंत.”

कौस्तुभने सुस्कारा टाकला. तो म्हणाला, ही नोंद कपाटात ठेवू. जुनीच चालू ठेवू, सूचना जरा ठळक करू.

पण त्याबाबत कायदा स्पष्ट होता, आणि तो ‘सोबत’ निघाली तेव्हा कौस्तुभनेच तिला समजावून दिला होता. ज्याच्या अंगाचा अंदाज, त्याच्या संमतीशिवाय वापरायचा नाही. आणि नव्या नोंदीला संमती दिली की जुनी आपोआप रद्द. उज्ज्वलाने नुसती जुनी काढून घेतली असती, तर दुसऱ्या दिवशी कंपनीने त्या चारशे जणांवर दुसऱ्या उस्तादाचा अंदाज चढवला असता. तोही असाच, कुणाच्या तरी पाठीला पाठ लावून आलेला, आणि त्यातूनही मागचा माणूस गाळलेला. कुणाला काही कळलंच नसतं. न सुटणारी पट्टी मात्र निदान एखाद्याला विचारायला लावील.

“नव्या नोंदीला माझी संमती आहे,” ती म्हणाली. “द्या तो टॅब इकडे.”

“मॅडम, नीट विचार करा.” कौस्तुभ खाली तिच्या खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसला. “उद्या सकाळी चारशे कामं बंद पडतील. दुपारपर्यंत शिव्या. आठवड्याभरात सगळे दुसरा मार्गदर्शक निवडतील. तुमच्याकडे एकसुद्धा राहणार नाही. एवढ्या वर्षांचं नाव आहे तुमचं.”

नावाचं तिला काही वाटलं नाही. पण ‘एकसुद्धा राहणार नाही’ हे तिच्या काळजाला लागलं. रोज सकाळी तो आकडा वाचला की चारशे घरांत आपलं कुणीतरी आहे असं तिला वाटायचं. तो भ्रम आहे हे माहीत असूनही वाटायचं. तिने लांब दगडावर उभ्या असलेल्या आर्वीकडे पाहिलं. मग अंगठा टेकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारशे ठिकाणी पट्ट्या आवळल्या आणि सुटल्या नाहीत. कच्छमध्ये, साक्रीला, तमिळनाडूच्या टोकाला पाती जमिनीवर पडून राहिली. काही इनचार्जनी पट्टी बिघडली म्हणून आपटून पाहिली. काहींनी तासाभरातच यादी उघडून दुसरं नाव निवडलं. कंपनीचे फोन दिवसभर वाजत होते. उज्ज्वलाचा वाजला नाही.

आर्वीची बदली अंकुशच्या अपघाताची चौकशी पुरी होईपर्यंत कागदांच्या टेबलावर झाली होती. तिने जाता जाता एक उद्योग केला होता: शिकाऊंच्या आपापसातल्या गटावर उज्ज्वलाचा नंबर टाकला होता, खाली एक ओळ लिहून, ‘पट्टी का सोडत नाही ते यांना विचारा.’ विचारलं एकाच मुलाने, तिसऱ्या दिवशी.

“मॅडम, मी साक्रीहून जयेश पावरा बोलतोय. तुमची पट्टी सोडतच नाही. साहेब म्हणतात, दुसरी घे. मी म्हटलं, आधी विचारून बघू.”

उज्ज्वला स्वयंपाकघरात होती. तिने गॅस बंद केला. “तुझ्या मागं कोण उभं आहे?”

“मागं?” तो बहुधा वळून बघत होता. “मागं कुणी नाही. दरी आहे.”

“मग आज उचलू नकोस.”

“आणि उद्या?”

“उद्या परत फोन कर,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती भाजीलाही गेली नाही. फोन घेऊन खिडकीपाशी बसली आणि आपण कुणाची तरी वाट बघतोय याची तिला लाजही वाटली. दुपारी जयेशचा फोन आला. आवाज उत्साहाचा होता.

“मॅडम, स्टोअरमधले बोरसे तयार झालेत. साहेबांना मी सांगितलं, आठ दिवस द्या. त्यांना पाठीला पाठ लावून उभं करतो, तसं आर्वी ताईनं सांगितलंय. फक्त एक सांगा. त्यांना काय बघायला सांगू?”

उज्ज्वलाला वाटलं, सांगावं काहीतरी. पाय बघा म्हणावं, मोजे बघा म्हणावं, बाकीचं उद्या सांगते म्हणावं. तो उद्या फोन करील, परवा करील. मोठा गुणी मुलगा वाटत होता. साक्रीचं हवापाणी, बोरशांच्या तऱ्हा, सगळं सांगितलं असतं त्याने. तिला ते फार हवं होतं.

“ते मला येत नाही, जयेश,” ती म्हणाली. “मला आलंच नाही कधी. ते विश्वजित खताळला येतं. तो नव्या माणसाला सगळं सांगेल. माझं नाव घे आणि त्यालाच विचारत जा.”

“बरं मॅडम. नंबर देता?”

“कागद-पेन घे.”

“घेतलं. बोला.”

उज्ज्वलाने दहाही आकडे एकेक करून, फार सावकाश सांगितले.